फोल्डर तपासायचं कसं?

बेरीज करणारा प्रोग्राम तपासणं सोपं. २ आणि ३ दिले, ५ आले, झालं. पण शाळेची यादी वाचून दर विद्यार्थ्याचं फोल्डर बनवणारा आणि त्यात गुणपत्रिका ठेवणारा प्रोग्राम? त्याचं उत्तर डिस्कवर पसरतं आणि प्रोग्राम संपला तरी तिथंच राहतं. कालच्या चाचणीतली फाइल तशीच पडून असेल, तर आज प्रोग्रामने काहीच केलं नाही तरी चाचणी पास!

म्हणून दर चाचणीला नवं, रिकामं, तात्पुरतं फोल्डर द्यायचं. पायथन भाषेतल्या पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनात ही सोय आयती मिळते. शेवटच्या ३ वेळची फोल्डरं ते ठेवतं, त्यामुळे चाचणी फसली की आत डोकावता येतं.

मग तुलना. बरोबर निकालाचं एक फोल्डर, म्हणजे ‘गोल्डन’ प्रत, जपून ठेवायची आणि नवं फोल्डर तिच्याशी ताडून पाहायचं. इथं माझा अर्धा दिवस गेलाय. माझ्याकडे पास होणारी चाचणी सहकाऱ्याकडे हटकून फेल व्हायची. गोल्डन प्रतीत एक रिकामं फोल्डर होतं, आणि आम्ही ज्यातून कोड एकमेकांना देतो ते गिट हे साधन हिशेब ठेवतं तो फक्त फाइलींचा. रिकामं फोल्डर त्याच्या खिजगणतीतही नसतं, त्यामुळे ते सहकाऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

गुणपत्रिकेवर छपाईची वेळ येत असेल तर दोन वेळचे निकाल जुळणारच नाहीत. चाचणीत वेळ ठरावीकच द्यावी. फोल्डरमधली नावं कोणत्या क्रमाने हाती येतील याचीही हमी नसते, तेव्हा आधी ती क्रमाने लावून घ्यायची. एकाच कोडमधून दर वेळी तंतोतंत तोच प्रोग्राम बनावा म्हणून झटणाऱ्या ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ प्रकल्पातल्या लोकांनी तर ‘डिसऑर्डरएफएस’ नावाची फाइल सिस्टिमच (फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) लिहिली आहे, जी हा क्रम मुद्दाम विस्कटून देते. खोडसाळपणाचा इतका चांगला उपयोग क्वचितच पाहिलाय.

आपल्यासाठी खरी गंमत नावांत आहे. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, काना-मात्रा आणि हलन्त यांना ३-३. ‘महाराष्ट्र’ हा एवढासा शब्द ३० बाइट खातो. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हांत नाव आटोपायला हवं. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, तुकडी आणि शाळेचं नाव जोडून फाइलला दिलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मोजणी वेगळी, तिथं तेच नाव चालून जाऊ शकतं. माझ्या चाचणीच्या यादीत आता असं एक लांबलचक नाव कायमचं आहे.