मेडिकल टाकण्याआधी रजेचा लेखा बघा

'मेडिकल टाकलीय' हे वाक्य सरकारी कार्यालयात रोज कानावर पडतं. पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये मेडिकल नावाचं वेगळं खातंच नाही. राज्य शासकीय कर्मचाऱ्याला 1 जानेवारी आणि 1 जुलैला प्रत्येकी 10, म्हणजे वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. आजारपणात पूर्ण पगार हवा असेल तर हीच रजा 'परिवर्तित' करून घ्यायची, आणि मग एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात. टायफॉइडने 14 दिवस घरी राहिलात, की सेवापुस्तकातल्या लेख्यातून 28 वजा. म्हणून अर्जात नुसतं 'वैद्यकीय रजा' लिहू नका. परिवर्तित की अर्जित (सेवेतून कमावलेली पूर्ण पगारी रजा), ते स्पष्ट लिहा. नाहीतर आस्थापनेचा लिपिक अर्ज परत पाठवतो, आणि त्याचं चुकत नाही.

विहित नमुन्यातल्या अर्जाला नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. त्यात आजार, किती दिवस विश्रांती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का हवा. अचानक आजारी पडलात तर आधी वरिष्ठांना कळवा, कागद मागाहून चालतात. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतोच. इथे तारखा जुळवून बघा: दाखला 12 तारखेचा आणि रुजू 17 ला, तर मधल्या दिवसांचं काय, हा प्रश्न येणारच.

बदलीचा आदेश निघाला किंवा निवडणुकीची ड्युटी लागली की काहींची कंबर नेमकी त्याच दिवशी धरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे खऱ्या आजाऱ्याकडेही संशयाने पाहिलं जातं. नियमात यावर उपाय आहे. प्रमाणपत्र जोडलं म्हणून रजेचा हक्क मिळत नाही. शंका आल्यास सक्षम प्राधिकारी, म्हणजे रजा मंजूर करणारा अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून दुसरं मत मागवू शकतो. मंजूर रजा संपल्यावर परवानगीशिवाय घरी राहिलात तर त्या दिवसांचं रजावेतन नाही, शिवाय शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

अर्धवेतनी रजा शिल्लकच नसेल तर अनर्जित रजा मागता येते, संपूर्ण सेवेत जास्तीत जास्त 360 दिवस. मात्र ती उसनवारी आहे, पुढे जमा होणाऱ्या रजेतून वळती होते. क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग किंवा पक्षाघात असेल तर आधी आस्थापनेत त्यासाठीच्या विशेष रजेची चौकशी करा.