टेलच्या शेतकऱ्यांनी नमुना ७ भरावा, विहिरीचाही अर्ज करावा

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणहून पाणी सुटलं की माथ्याकडचं रान आधी भिजतं. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाळी येईस्तोवर गहू ओंबीवर येऊन माना टाकायला लागतो. दोन पाळ्यांमधली ही ओढ विहीर काढते. कालवा वाहता असला की पाझराने लाभक्षेत्रातल्या विहिरींनाही पाणी चढतं, तेव्हा दोन्हींचा हक्क कागदावर लावून ठेवलेला बरा.

कालव्याच्या पाण्यासाठी पाटबंधारे शाखेत नमुना ७, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, सोबत सातबारा. मागची पाणीपट्टी थकली असेल तर आधी ती भरा. विहीर आहे म्हणून हा अर्ज सोडू नका.

रोजगार हमीतल्या सिंचन विहिरीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. ४ नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातल्या मुख्य अटी अशा: सलग किमान ०.४० हेक्टर जमीन, जॉबकार्ड, आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटर अंतर. दोन सिंचन विहिरींत १५० मीटर अंतर लागतं; अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना ही अट नाही. ऑनलाइन सातबारा, आठ-अ आणि जॉबकार्डाची प्रत जोडा. एकट्याची जमीन कमी पडत असेल तर लगतच्या शेजाऱ्यासोबत सामुदायिक विहीर घेता येते. मग पंचनामा आणि पाणीवापराचं करारपत्र लागतं. पुढे ग्रामसभेची मंजुरी, मग पंचायत समिती.

अर्ज बहुतेक अडतो तो सातबाऱ्यावर. त्यावर आधीची विहीर असेल तर नवी मिळत नाही, आणि आजोबांच्या काळातली, कधीच बुजलेली विहीर पीकपाहणीत अजून 'जिवंत' असते. अर्जाआधीच तलाठ्याकडे जाऊन ती नोंद दुरुस्त करून घ्या.

विहिरीऐवजी खोल बोअरचा मोह अनेकांना होतो. आपल्याकडे काळा पाषाण. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात नि खडकाच्या भेगांत. खाली जाऊन पाणी लागेलच असं नाही, आणि २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरहून खोल बोअरला मनाईच आहे.

२०२२ च्या निर्णयाने विहिरीच्या खर्चाची मर्यादा तेव्हा ४ लाख केली होती, पण मंजूर रक्कम एकदम हातात पडत नाही. मजुरी हजेरीपटावरून मजुरांच्या खात्यात जाते आणि बांधकामाचं बिल मोजमापानंतर निघतं. सिमेंट-गजाच्या उधारीचं दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.