‘उलट मत’ ते ‘स्वमत’: इंग्रजीच्या तासाला युक्तिवाद कसा आला

बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेत, चार गुणांना गटचर्चा येते. विषय दिलेला असतो. चार विद्यार्थी कल्पायचे आणि प्रत्येकाच्या तोंडी एकेक मत घालायचं. मुलगी एकटीच, पेन एकच, पण कागदावर चौघं ओळीने बोलून जातात. पहिला म्हणतो, ऑनलाइन शिक्षण फार उपयोगी. दुसरी म्हणते, डोळे बिघडतात. तिसरा म्हणतो, खेड्यात रेंज नाही. चौथी म्हणते, दोन्हींचा समतोल हवा. दुसरीने पहिल्याला उत्तर दिलेलं नसतं आणि चौथीने तिघांचंही ऐकलेलं नसतं. तरी चार गुण मिळतात, कारण मागितलं होतं तेवढं तिने दिलेलं असतं.

मी हा विषय बारावीला शिकवते. ‘मुलं विचारच करत नाहीत’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज होते. मला ती पटत नाही. आपल्या इंग्रजीच्या कागदाने मुलांकडे काय मागितलं आणि काय कधीच मागितलं नाही, हे मागे जाऊन पाहिलं की दोष मुलांवर टाकता येत नाही.

फार मागचं थोडक्यात. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. त्या पिढीतून निघालेल्या लोकांनी इंग्रजीत वाचलं आणि वाद मराठीत घातले. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ज्या ‘निबंधमाला’ मासिकाने मराठी निबंधाला धार दिली, ते काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कुलातले शिक्षक होते. म्हणजे इंग्रजी वाचून तावून-सुलाखून भांडणारी मराठी तयार झाली, हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे. पण ते मूठभरांचं. सर्वांच्या शाळेत इंग्रजी पोचली ती भाषांतराच्या पाठमालेतून, आणि साठच्या दशकापासून ‘रचना’ घोकून. एक वाक्य घ्यायचं, त्यातला कर्ता बदलायचा, क्रियापद बदलायचं आणि वर्गाने एका सुरात म्हणायचं. त्या काळाला नावं ठेवायचं कारण नाही. घरात इंग्रजीचा शब्द नसलेल्या मुलांना वाक्य उभं करता यावं, हा हेतू प्रामाणिक होता. मात्र त्या पद्धतीत वाक्य बरोबर की चूक एवढाच प्रश्न होता. खरं की खोटं, पटलं की नाही, हे इंग्रजीच्या तासाला विचारायचे प्रश्नच नव्हते.

१९७५ मध्ये १०+२+३ या नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली. पुढची कित्येक वर्षं वाचनाचा अर्थ ‘पॅसेज’ एवढाच राहिला. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, ती ओळ उचला, ‘व्हाय’ असेल तर मागे ‘बिकॉज’ लावा. ही युक्ती आम्हाला आमच्या शिक्षकांनी शिकवली आणि आम्ही मुलांना. उतारा न समजताही उत्तर बरोबर येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्यावर झालेला वाद जाणत्यांना आठवत असेल. तो पुन्हा सांगत नाही. ती पहिली तुकडी २०१० च्या मार्चमध्ये दहावीला बसली. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलांना केवळ ओळ उचलायला लावणं आता शोभणारं नव्हतं. त्याच सुमारास राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (२००५), शिक्षणहक्क कायदा आणि राज्याचा आराखडा (२०१०) यांतून ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, प्रत्येक प्रशिक्षणात घुमू लागला. प्रश्नपत्रिकेची हळूहळू कृतिपत्रिका झाली. प्रश्न गेले, कृती आल्या.

इथेच तो शब्द आला, ज्यावर मला थांबायचं आहे: काउंटर-व्ह्यू.

२०१० नंतरच्या दशकाच्या मध्यावर दहावीच्या कागदात एक चौकट असायची. वर विषय, खाली ‘व्ह्यू सेक्शन’मध्ये तीन-चार मुद्दे, आणि सूचना अशी की याच्या ‘काउंटर-व्ह्यू सेक्शन’साठी परिच्छेद तयार करा. कल्पना चांगली होती. इंग्रजीच्या कागदावर पहिल्यांदाच मुलांना कोणाच्या तरी म्हणण्याला उत्तर द्यायला सांगितलं गेलं. पण या शब्दाचं मराठी काय, हे कोणी ठरवलं नाही. वर्गावर्गात शिक्षकांनी आपापलं सांगितलं आणि बहुतेक ठिकाणी ते झालं ‘उलट मत’.

‘उलट’ म्हटल्यावर मुलांनी मुद्दे उलटे केले. वर लिहिलेलं असे, मोबाइलमुळे माहिती पटकन मिळते. खाली मुलं लिहीत, मोबाइलमुळे माहिती पटकन मिळत नाही. वर ‘कॅन’ असेल तर खाली ‘कॅनॉट’. अशा उत्तरांचे गठ्ठे मी तपासले आहेत. व्याकरण शुद्ध, शीर्षक दिलेलं, मुद्दे चारही घेतलेले. गुण कुठे कापणार? पण मोबाइलवर माहिती पटकन मिळते, हे त्या मुलालाही माहीत आहे. आपण त्याला खोटं लिहायला शिकवलं आणि त्याला विरोधी बाजू म्हटलं.

विरोध म्हणजे नकार नव्हे, हे सांगायला आपल्याकडे शब्द नव्हते का? शतकानुशतकं होते. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच बळाने मांडायचं, शक्य तितकं भक्कम करून, आणि मग त्याला उत्तर द्यायचं. उत्तरपक्षाची किंमत पूर्वपक्ष किती नीट समजून घेतला यावर ठरते. या क्रमाने गेलेला मुलगा लिहील: माहिती पटकन मिळते हे खरं, पण पटकन मिळालेल्या माहितीतली खरी कोणती हे मोबाइल सांगत नाही. यात पहिला मुद्दा मान्य आहे आणि विरोधही आहे. वाचनाचं विश्लेषण आणि युक्तिवादाचं लेखन या दोन वेगळ्या कृती नाहीत, हेही इथे दिसतं. आधी नीट वाचल्याशिवाय असं वाक्य लिहिताच येत नाही. ‘काउंटर-व्ह्यू’ला उत्तरपक्ष म्हटलं असतं, तर निदान शिक्षकाला विचारता आलं असतं, ‘तुझा पूर्वपक्ष कुठे आहे?’

अडचण शब्दाच्या आणखी आत आहे. ‘आर्ग्यू’ला आपण वर्गात काय म्हणतो? ‘आर्ग्यू करू नकोस, खाली बस.’ वाद घालणं म्हणजे भांडण, उलट उत्तर म्हणजे उद्धटपणा. ज्या मुलीला घरी आणि शाळेत ‘उलट बोलू नकोस’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं, तिला दहावीच्या कागदावर ‘उलट मत’ लिहायला सांगितलं. शब्द तोच, आणि एकीकडे शिक्षा तर दुसरीकडे गुण. मुलीने त्यातून सर्वांत सुरक्षित वाट काढली: ‘नॉट’ घालायचं आणि पुढच्या कृतीकडे वळायचं.

मराठीच्या वैचारिक निबंधाचाही यात वाटा आहे. ‘विज्ञान: शाप की वरदान’ आपण सगळ्यांनी लिहिलाय. फायदे, तोटे, शेवटी ‘वापर आपल्या हातात’. गटचर्चेतली ती चौथी मुलगी इथूनच आली आहे. दोन्ही बाजू मोजून झाल्यावर एकीकडे झुकायचं असतं आणि का झुकलो ते सांगायचं असतं, ही सवय त्या निबंधाने लावली नाही. तीच घडी मुलं इंग्रजीत उलगडतात.

कृतिपत्रिकेने दुसरी एक गोष्ट आणली आणि ती मला जास्त मोलाची वाटते: उताऱ्याखालची ‘पर्सनल रिस्पॉन्स’. मराठीच्या कागदात तिलाच ‘स्वमत’ म्हणतात. दहावीला इंग्रजीच्या उताऱ्यावर ती शेवटी येते, दोन गुणांना. बारावीच्या बारा गुणांच्या उताऱ्यात तर पायऱ्याच आहेत: एकूण आकलन, तपशील, मग अनुमान आणि विश्लेषण, मग स्वमत, पुढे व्याकरण आणि शब्दसंपदा, प्रत्येकी दोन गुण. वर्षानुवर्षं ओळ उचलण्यात गेल्यानंतर ‘यावरून काय अनुमान निघतं?’ हे कागदावर छापलं गेलं, ही साधी गोष्ट नाही. पण तपासताना विषयाला धरून असलेलं कोणतंही मत चालतं. मताला गुण आहेत, कारणाला वेगळे नाहीत. मग गाईडमध्ये स्वमताचीही तयार उत्तरं छापून आली आणि मुलं ‘इन माय ओपिनियन’पासून पाठ करू लागली.

मध्ये २०१८-१९ चं वर्ष येतं. नवी पुस्तकं आली आणि त्याच वर्षी दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी-अंतर्गत वीस गुण बंद झाले. शाळा ते गुण वाटतात, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, अकरावीच्या प्रवेशाचं काय म्हणून पालक धास्तावले आणि ऑगस्टमध्ये वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. सगळी चर्चा टक्क्यांची झाली. ते वीस गुण म्हणजे मुलाने उभं राहून चार वाक्यं बोलण्याची शाळेतली एकमेव अधिकृत जागा होती, आणि ती बंद करताना किंवा उघडताना तिथे मुलं काय बोलतात हे कोणी विचारलं नाही. खरी गटचर्चा तिथे घेता आली असती. ती आली बारावीच्या लेखी कागदावर, ज्याची पहिली परीक्षा कोविडमुळे थेट २०२२ मध्ये झाली.

२०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत राज्यात भाषेवरून पुन्हा रान पेटलं, शेवटी २९ जूनला तिसऱ्या भाषेचे आदेश मागे घेतले गेले. पहिलीला भाषा किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. शिकलेल्या भाषेत दहावी-बारावीला मूल काय करतं, हा प्रश्न मात्र त्या तीन महिन्यांत मला कुठेच ऐकू आला नाही.

मागच्या वर्षी सराव परीक्षेत स्वमताला मी विचारलं होतं, ‘प्रत्येक गावात वाचनालय हवं असं तुम्हाला वाटतं का? का?’ एका मुलीने लिहिलं की वाचनालयाने ज्ञान वाढतं, पुस्तकं आपले उत्तम मित्र आहेत, म्हणून हवंच. एकही चूक नाही. दुसरीचं इंग्रजी अडखळणारं होतं. तिचं म्हणणं असं: आमच्या गावात वाचनालय आहे, ग्रामपंचायतीच्या खोलीत, संध्याकाळी पाच ते सात. आमची एसटी कॉलेजवरून निघते पाचला आणि गावात पोचते साडेसहाला. मग मुली घरी जातात, पाणी भरतात. म्हणून आधी वेळ बदला, मग दुसऱ्या गावांत काढा. ‘बस गो फाइव्ह ओक्लॉक’ असं लिहिलं होतं तिने. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारायला पेन टेकवलं आणि उचललं.

पहिलीला दोन गुण दिले. दुसरीलाही दोन दिले. त्या कृतीला दोनच होते.