थर्ड रॉक आणि रेसिडेंट एलियन: दोन्हीत एक हॅरी आहे, पण घोळ तिथेच संपतो

'ती एलियनवाली कॉमेडी, ज्यात तो माणूस बनून एका छोट्या गावात राहतो, मोठ्या हुद्द्याची नोकरी करतो आणि त्याला साध्यातली साधी गोष्ट कळत नाही' असं कोणी म्हटलं की हमखास घोळ होतो, कारण हे वर्णन दोन सिरियलना लागू पडतं. एक 'थर्ड रॉक फ्रॉम द सन', एनबीसीवर 1996 ते 2001, सहा सीझन. दुसरी 'रेसिडेंट एलियन', सायफाय चॅनलवर 2021 ला सुरू झाली आणि 2025 मध्ये चौथ्या सीझनला संपली (अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्या आपल्या मंडळींना हे नाव फॉर्मवरूनच पाठ असेल, तिथे 'रेसिडेंट एलियन' म्हणजे तिथे राहणारा परदेशी). त्यात भर म्हणजे दोन्हीत हॅरी नावाचा एलियन आहे, त्यामुळे 'अरे तो हॅरी नाही का' म्हणून सांगायला गेलं तरी समोरच्याच्या डोळ्यासमोर भलताच माणूस येतो.

वरवर बघितलं तर सारखेपणा खूपच. थर्ड रॉकमधला डिक सॉलोमन ओहायोतल्या रदरफर्डमध्ये कॉलेजात फिजिक्सचा प्रोफेसर, रेसिडेंट एलियनमधला हॅरी व्हँडरस्पीगल कोलोरॅडोतल्या पेशन्स गावात डॉक्टर. दोघंही स्वतःला माणसांपेक्षा लय हुशार समजतात आणि दोघांनाही साधं सांत्वन करता येत नाही. डिक झालेला जॉन लिथगो आणि हॅरी झालेला ॲलन ट्युडिक दोघंही रंगभूमीवर तयार झालेले नट, चेहरा वाकवायची, अंग कसंही फेकायची लाज नाही. लिथगोला तर डिकसाठी तीनदा टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं.

पण एक प्रश्न विचारला की दोन्ही सिरियल पार वेगळ्या होऊन जातात. एलियनने जो चेहरा घातलाय तो आधी कोणाचा होता?

थर्ड रॉकमध्ये कोणाचाच नाही. चौघंजण पृथ्वीचा अभ्यास करायला आलेत, मूळ रूप म्हणजे जांभळ्या जेलीसारख्या नळ्या, आणि त्यांना कोरी करकरीत माणसाची शरीरं मिळालीत. या शरीरांना भूतकाळ नाही, नातेवाईक नाहीत, उधारी नाही. आडनावसुद्धा एका ट्रकवर लिहिलेलं दिसलं ते उचललं. मग विनोद कुठून येतो? तर शरीरातूनच. डिकला पहिल्यांदाच राग, प्रेम, मत्सर असलं सगळं व्हायला लागतं आणि ते आवरायचं कसं हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही, त्यामुळे पन्नाशीचा प्रोफेसर चार वर्षांच्या पोरासारखा वागतो. टॉमी टीममध्ये वयाने सगळ्यात मोठा, पण त्याच्या वाट्याला आलं टीनएजर पोराचं शरीर, सगळे हार्मोन्स फुकट (हा जोसेफ गॉर्डन-लेव्हिट, हो तोच, तेव्हा खरंच एवढासा होता). सॅली सिक्युरिटी ऑफिसर, लढवय्यी, पण कोणालातरी बाई व्हायलाच लागणार होतं आणि ते तिच्यावर आलं. क्रिस्टन जॉन्स्टनने हे जे केलंय त्याला तोड नाही, माझ्या मते ही सिरियल डिकची कमी आणि सॅलीची जास्त आहे. बायकांनी असं चालायचं, असं बसायचं, वजन कमी ठेवायचं हे तिला नियम म्हणून सांगितलं जातं आणि ती सरळ विचारते का, आणि त्या का ला कोणाकडेच उत्तर नसतं.

रेसिडेंट एलियनमध्ये मात्र चेहऱ्याला मालक होता. एलियनचं यान डोंगरात कोसळतं, तो तळ्याकाठच्या केबिनमध्ये सुट्टीला आलेल्या खऱ्या डॉ. हॅरी व्हँडरस्पीगलला मारतो, त्याचं रूप घेतो आणि बॉडी तळ्यात टाकतो. आणि हा आलाय ते अभ्यासाला वगैरे नाही, अख्खी मानवजात संपवायला, फक्त त्यासाठी आणलेलं यंत्र यान पडताना कुठेतरी बर्फात हरवलंय म्हणून थांबलाय. इंग्लिश शिकला तो टीव्हीवर 'लॉ अँड ऑर्डर' बघून. एवढ्यात गावचा डॉक्टर मरतो, शेरीफ केबिनच्या दारात येतो, तुम्ही डॉक्टर ना मग पोस्टमॉर्टेम करा म्हणतो, आणि ज्याने आयुष्यात माणूस आतून बघितलेला नाही तो हातात सुरी घेऊन उभा.

आता फरक बघा. मेलेल्या भाडेकरूच्या खोलीत गुपचूप राहायला गेलात तर त्याची पत्रं, त्याची देणी, त्याला शोधत येणारी माणसं, सगळं तुमच्याच दारात येणार, तसं या हॅरीचं होतं. खऱ्या डॉक्टरची बायको एक दिवस दारात हजर होते आणि याला ती कोण हेच माहीत नाही. शिवाय तो डॉक्टर काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हेही हळूहळू बाहेर येतं (कसं ते सांगत नाही, पहिला सीझन बघा). म्हणजे थर्ड रॉकमधला एलियन विचारतो 'माणसं असं का वागतात', आणि हा विचारतो 'मी जो झालोय तो कसला माणूस होता, आणि त्याला मारलं याचं मला वाईट का वाटतंय'. दुसरा प्रश्न सिटकॉमला झेपणारा नाही, म्हणूनच एकीचे बावीसेक मिनिटांचे, स्टुडिओत प्रेक्षकांसमोर शूट केलेले एपिसोड आहेत, हशा मागून ऐकू येतो, आणि दुसरीचे एपिसोड जवळपास दुप्पट लांब, खऱ्या बर्फात फिरणारे, मागे कोणी हसत नाही, तुमचं तुम्ही ठरवायचं हसायचं का गप्प बसायचं.

पोलीससुद्धा बघा ना. दोन्हीत आहेत. थर्ड रॉकमधला ऑफिसर डॉन सॅलीच्या प्रेमात पडलेला गोलमटोल माणूस, त्याच्यापासून धोका शून्य, कारण गुन्हाच झालेला नाही. पेशन्समधले शेरीफ माइक आणि डेप्युटी लिव्ह पण विनोदीच, पण तपास खरा चालू असतो, तळ्यातून काय वर येईल याचा नेम नाही, त्यामुळे तेच जोक जरा दचकत दचकत ऐकायला लागतात.

हॅरीने केलेला खून ही टीव्हीवाल्यांनी घातलेली भर आहे. रेसिडेंट एलियन मुळात डार्क हॉर्स या प्रकाशनाचं कॉमिक, पीटर होगन आणि स्टीव्ह पार्कहाउस यांचं. त्यातला एलियन गरीब बिचारा, कोणाला मारत नाही, मनाच्या ताकदीने लोकांना आपण माणूस भासवतो आणि सुटकेची वाट बघत बघत गावातल्या खुनांचा छडा लावतो. ख्रिस शेरिडनने सिरियल करताना त्याला खुनी केलं. मला वाटतं सिरियल थर्ड रॉकपासून खऱ्या अर्थाने सुटली ती याच निर्णयामुळे, नाहीतर आणखी एक गोड एलियन झाला असता.

दुसरा मोठा फरक एकटेपणाचा. सॉलोमन चौघं आहेत. दिवसभर बाहेर कितीही माती खाल्ली तरी एपिसोडच्या शेवटी गच्चीवर बसून एकमेकांशी बोलता येतं, आज काय शिकलो, माणसं वेडी आहेत का आपण. ही युक्ती तशी जुनी, 1978 च्या 'मॉर्क अँड मिंडी'त रॉबिन विल्यम्सचा एलियन मॉर्क असाच शेवटी आपल्या साहेबाला, ऑर्सनला, रिपोर्ट द्यायचा. सॉलोमनांचा हॅरी (फ्रेंच स्टुअर्ट, डोळे बारीक करून बघणारा) तर स्वतःच ट्रान्समीटर आहे, बोलता बोलता अंग ताठ होतं आणि बिग जायंट हेडचा, म्हणजे त्यांच्या वरच्या साहेबाचा, निरोप सुरू. पेशन्सच्या हॅरीला असा कोणीच नाही, म्हणून तो आपल्याशी बोलतो, व्हॉइसओव्हरमधून. तोंडाने एक, मनात भलतंच, आणि निम्मी मजा त्या दोन्हीच्या मधल्या फटीत आहे. बरोबरीचा म्हणून त्याला बोलायला सापडतो तो हॉटेलच्या टाकीतला ऑक्टोपस, कारण ऑक्टोपस त्याच्या जातीचे लांबचे नातलग. त्या ऑक्टोपसला आवाज नेथन फिलियनचा, ट्युडिकचा 'फायरफ्लाय'मधला जुना जोडीदार.

आणि मॅक्स. थर्ड रॉकमध्ये गुपित शेवटापर्यंत जवळपास कोणालाच कळत नाही, इकडे मेयरच्या शाळकरी पोराला पहिल्याच एपिसोडपासून हॅरीचं खरं रूप दिसतं, दहा लाखांत एखाद्यालाच दिसतं त्यातला तो. म्हणून हॅरी त्याला मारायचाच प्रयत्न करतो आणि जमत नाही. एक मोठा डॉक्टर आणि एक पोरगा चारचौघांत गोड हसत एकमेकांना धमक्या देतात, या सीनसाठी मी बाकी कंटाळवाणा एपिसोडही बघितलाय. कंटाळवाणे आहेत हो, दुसरा सीझन सोळा भागांचा केला तिथे मेयरच्या घरच्या कटकटी नको होतात. थर्ड रॉकचंही तसंच, शेवटचे दोन सीझन ओढूनताणून चालवलेत.

तरीही गोंधळ होत असेल तर 'स्टार ट्रेक' या जुन्या अंतराळ सिरियलच्या नटांवरून लक्षात ठेवा, दोन्हीत तिथला एकेक आहे. बिग जायंट हेड म्हणून शेवटी समोर येतो तो विल्यम शॅटनर, आणि रेसिडेंट एलियनमध्ये एका ग्रे एलियनला आवाज आहे जॉर्ज टाकेईचा. शॅटनर विमानातून उतरतो तेव्हा म्हणतो की पंखावर काहीतरी बसलेलं दिसलं, आणि डिक म्हणतो मलाही अगदी असंच झालेलं. कारण 'ट्वायलाइट झोन'मधला पंखावरचा राक्षस बघणारा तो प्रवासी 1963 ला टीव्हीवर शॅटनरने केला होता आणि 1983 च्या सिनेमात लिथगोने.

शेवट सांगतोय, नको असेल तर इथे थांबा. थर्ड रॉकमध्ये चौघांना परत बोलावणं येतं. डिकची प्रेयसी मेरी (जेन कर्टिन) आधी बरोबर यायला तयार होते, मग नाही म्हणते, आणि डिक तिची आठवण पुसून निघतो. कोरी शरीरं आली, गेली, मागे मढं नाही की साक्षीदार नाही. पेशन्समध्ये असं पुसून जाणं जमणारच नव्हतं, तिथे चौथ्या सीझनपर्यंत हॅरी कोण ते बऱ्याच जणांना कळलेलं असतं. थर्ड रॉकवाल्यांनी आणखी एक शेवट शूट केला होता, त्यात डिक नागडाच परत येतो आणि मेरीला उचलून घेऊन जातो, आणि मला विचाराल तर तोच ठेवायला हवा होता.