सुगीतला घाम उन्हाळ्यात चालत नाही

शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका ओळखायला तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरून घेतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आणि मग प्रश्न येतो: आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का? मराठवाड्यात यावर हसूच येणार. "रानात काय झोपायला जातो का, ताई?"

उत्तर खरं आहे, पण काही महिन्यांपुरतं. खुरपणी, कापूस वेचणी, ज्वारीची काढणी चालू असली की आठवड्याचा हिशेब एका दिवसात पुरा होतो. उन्हाळ्यात कोरडवाहू रान मोकळं पडतं. मग तोच माणूस पारावर बसतो, रानात चक्कर मारायची तरी गाडीवर. शरीर मागची कमाई साठवून ठेवत नाही. स्नायू आकुंचन पावले की त्यांच्या पेशींतली ग्लूट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात, तीही इन्सुलिनची वाट न पाहता. श्रमानंतर स्नायू इन्सुलिनलाही जास्त दाद देतात, पण हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून शुगरच्या रुग्णाला सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको म्हणतात.

तेव्हा उपकेंद्रात "काम करता का?" यापेक्षा "सध्या काय चालू आहे?" हे विचारलेलं बरं. नुसतं "चालत जा" सांगूनही भागत नाही. बिनकामाची रस्त्यावर फिरणारी सून गावाच्या डोळ्यावर येते. डॉक्टरांना हे क्वचितच सुचतं, आशाताईंना सांगावं लागत नाही. अशा सुनेला जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं किंवा शेजारणींसोबत पहाटे, असं ठरवून दिलेलं टिकतं. वेग किती? बोलता यावं, पण ओवी म्हणता येऊ नये, इतका. मे महिन्यात मात्र ऊन चढायच्या आत. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर अनवाणी नको.

बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड मजुराला याच्या उलट सांगावं लागतं. त्याला व्यायाम वाढवायचा नसतो. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी फडात उतरलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, चक्कर. गोळीनंतर भाकरी चुकवायची नाही, खिशात साखरेची पुडी ठेवायची आणि डोस बदलायचा का, हे टोळी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यायचं.