कुत्र्याच्या नाकाला लावलेलं पोटात जातं

'नाक कोरडं पडलंय, भेगा गेल्यात? कोरफड नाहीतर टी ट्री तेल चोळा. झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

कुत्रं दिवसभर नाक चाटतं. आपण बोट मागे घेतो न घेतो तोच जीभ वर येते. टी ट्री तेलाने त्याचा तोल जातो, अंग थरथरतं. शुद्ध तेलाचे थोडे थेंबही धोक्याचे. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब होतात.

मुळात भेगांचं कारण एकच नसतं. लॅब्राडॉरमध्ये हा त्रास आनुवंशिक असू शकतो. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारात नाकासोबत पंजांच्या गाद्याही कडक होतात. नाक जरा जवळून बघा: निरोगी नाकावर बारीक खडी अंथरल्यासारखी नक्षी असते. ती पुसट होऊन काळा रंग गुलाबी-करडा पडू लागला, तर ल्युपस असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटण्याचा आजार. तो उन्हाने वाढतो, निदानाला बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी, लागते. तिथे तेल चोळण्यात घालवलेले आठवडे त्या मुक्या जिवाला फार महागात पडतात.

नुसत्या कोरडेपणाला खोबरेल तेलाचं ओझरतं बोट पुरे, तेही फिरायला निघताना, म्हणजे चाटायचं भान राहत नाही. खपली किंवा रक्त दिसलं तर थेट पशुवैद्य गाठा.