चेन ताणली जात नाही, झिजते

सर्व्हिसिंगहून मोटरसायकल आली की चेनचा खळखळाट थांबलेला असतो आणि आपण खूश होतो. गेल्या खेपेला मीही झालो. बिलावर 'चेन ॲडजस्ट' असं लिहिलेलं होतं. घरी आल्यावर गाडी डबल स्टँडवर चढवली आणि खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करून पाहिली. जेमतेम अर्धा सेंटिमीटर हलली. माझ्या गाडीच्या मॅन्युअलात आकडा आहे 20 ते 30 मिलिमीटर. आवाज बंद झाला होता खरा, पण चेन आवळून.

चेन सैल का ठेवायची, याचं उत्तर भूमितीत आहे. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं, आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म ज्या बोल्टवर वर-खाली होतो तो त्या शाफ्टच्या जरा मागे असतो. दोन्हींचं केंद्र एक नसल्यामुळे चाक वर-खाली झालं की स्प्रॉकेट आणि ॲक्सल (मागच्या चाकाचा आस) यांच्यातलं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, तो बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. स्टँडवर चाक खाली लोंबतं, म्हणून चेन ढिली दिसते; दोन माणसं बसून गाडी खड्ड्यात गेली की तीच चेन ताठ होते. आधीच आवळलेल्या चेनला तेव्हा द्यायला काही उरत नाही. मग ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला मागे खेचते आणि तिथलं बेअरिंग मार खातं. चेन बदलणं सोपं. ते बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं.

'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं लांबत नाही. हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये पेटंट घेतलेल्या बुश-रोलर चेनचीच ही वंशज: प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. कडी स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशमध्ये घासते. एका सांध्यात दशांश मिलिमीटर झीज झाली तर डोळ्याला दिसणार नाही, पण 120 सांध्यांची मिळून ती 12 मिलिमीटर होते. मोजायचं असेल तर 428 नंबरच्या चेनच्या 20 कड्या ताठ धरून पिनपासून पिनपर्यंत मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर 254 मिलिमीटर भरतं. किती वाढलं की चेन टाकायची, ते मॅन्युअलात दिलेलं असतं.

झीज सगळीकडे सारखी नसते, हे मला उशिरा कळलं. चाक हाताने हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी चेन तपासा. एका जागी घट्ट, दुसरीकडे ढिली लागेल. ॲडजस्टमेंट करायची ती सगळ्यात घट्ट जागी. त्यासाठी चाक पूर्ण फिरवत बसावं लागतं, आणि दिवसभर एकामागून एक गाड्या हातावेगळ्या करणाऱ्या मेकॅनिककडे तेवढा वेळ नसतो. त्याला लबाड म्हणायची गरज नाही. (चाक फिरवताना इंजिन बंदच हवं. गिअर टाकून चालत्या चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत.)

ओ-रिंगची चेन असेल तर पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच रबरी कड्यांनी बंद केलेलं असतं. आपण वरून मारतो ते ल्यूब रोलरसाठी, गंजापासून बचावासाठी आणि ते रबर मऊ राहावं म्हणून. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने चेन घासली की रबर जातं आणि मागोमाग आतलं ग्रीस.

सर्व्हिसिंगनंतर तपासायची दुसरी जागा म्हणजे इंजिन ऑइल सोडायचा बोल्ट. बोल्ट ही मुळात एक कडक स्प्रिंग आहे. आवळताना ती किंचित ताणली जाते आणि त्या ताणाने जोड घट्ट राहतो. गंमत अशी की पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच या ताणाच्या कामी येतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्यामुळे आट्यांना तेल लागलेलं असेल तर तेवढ्याच जोराने बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ज्यात तो बसतो ते ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. जोर जास्त झाला की आटे चेंबरचे जातात. मॅन्युअलात 25 न्यूटन-मीटर म्हटलं असेल तर ते 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगण्याइतकं, म्हणजे एका हाताचं काम. हवेच्या दाबावर बोल्ट आवळणाऱ्या गनने ते कळणारच नाही. ठरलेल्या जोरापर्यंतच आवळू देणारा टॉर्क पाना घ्या, आटे पुसून घ्या, वॉशर नवा टाका.

ब्रेक फ्लुइड मात्र मी अजून स्वतः बदलत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं: कोरडं डॉट 4 (फ्लुइडचा एक दर्जा) कमीत कमी 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकते. बदलताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी तोच परिणाम. गाडी देण्याआधी फ्लुइडचा रंग पाहून ठेवतो. परत आल्यावर आधी जागेवरच लिव्हर दाबून बघतो आणि मगच किल्ली फिरवतो.